आजचं चाळीस, उद्याचं तीस

माझी थोरली जाऊ भाव सांगायला लागली की मला तिच्या पायावर पाय द्यावा लागायचा. गिऱ्हाइकानं नुसतं विचारायचा अवकाश, "काय भाव?" की ही म्हणायची, "चाळीस." मग समोरच्याचा चेहरा न्याहाळायची. तो बिचारा पैशांसाठी खिसा चाचपत असायचा, पण हिला वाटायचं, नाराज झाला. "नाही, म्हणजे तीस." तरी तो बोलत नाही म्हटल्यावर, "बरं, वीस द्या हो, तुमचं नि माझं काय एवढं!" गिऱ्हाइकानं अजून तोंडही उघडलेलं नसायचं. स्वतःच भाव सांगायचा, स्वतःच घासाघीस करायची आणि स्वतःच हरायचं, असा एकपात्री प्रयोग मी कित्येकदा पाहिला आहे. त्यातून मी हार्डवेअरच्या दुकानात काम करणारी. आमच्याकडे एका खिळ्याचाही भाव कमी होत नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

बाकी ती मुळीच भित्री नव्हे. उंचीनं दाराच्या चौकटीला टेकणारी, आवाजानं गल्ली उठवणारी. थोरले दीर ट्रक चालवतात, आठवड्यातले बरेचसे दिवस रस्त्यावर. तर एकदा दारातच ट्रकचं चाक बसलं तेव्हा त्यांना बाजूला सारून हिनंच ते बदललं होतं. तोंडात सदा कुठलंतरी गाणं. शब्द दरवेळी वेगळे, चाल मात्र कायम एकच. कोणाशी भांडायचं असेल, कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर सगळी गल्ली तिला हाक मारायची. फक्त आपल्या मालाचे पैसे मागायची वेळ आली, मग ती दारावर विकलेली मेथीची जुडी का असेना, की तिचा घसा बसायचा.

याचं कारण तिनंच मला एकदा सांगितलं. तिच्या माहेरी फळं विकायची पद्धतच नव्हती. परसातली खरबुजं पिकली की आल्यागेल्याच्या हातात द्यायची, संपलं. "पैसे मागितले की मला जेवून उठलेल्या पाहुण्याकडे ताटाचे पैसे मागितल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. लग्न होऊन आली तेव्हा बाकीच्या सामानाबरोबर डब्यात तेच बी घेऊन आली होती. आमचा ओढ्याकाठी एक तुकडा आहे, माती भुसभुशीत, पाणी हाताशी. तिथे तिनं ते लावलं आणि तो तुकडा बघता बघता खरबुजांचा झाला. लावायचा कोणी, खुरपायचा कोणी, पाणी द्यायचं कोणी, तर हिनंच.

विकायचं मात्र मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी. फळ मुठीएवढं झालं की एक व्यापारी यायचा, बांधावरून एक चक्कर मारायचा आणि मामंजींना आकडा सांगायचा. सगळं शेत उक्तं. पुढे पीक जास्त येवो की कमी, ते त्याचं नशीब. मामंजींना हे फार पसंत होतं, कारण पैसे आपल्याला आणि काळजी त्याला. जाऊबाई तिथेच चार पावलांवर खुरपं घेऊन बसलेली असायची, पण तिला कोणी काही विचारायचं नाही. मग व्यापाऱ्याची माणसं यायची आणि फळं हिरवीच तोडून न्यायची, कारण त्यांना लांबच्या शहरात पोचायचं असायचं. ती गेली की जाऊबाई रिकाम्या वेलांमधून फिरत राहायची. "आणखी चार दिवस थांबले असते गं!" एवढंच म्हणायची. त्या दिवशी घरात गाणं नसायचं.

त्या वर्षी व्यापाऱ्यानं नवीनच टूम काढली. तीन वर्षांचं एकदम ठरवून टाकू म्हणाला. मामंजी मान डोलावणार, तेवढ्यात जाऊबाई मातीचे हात तसेच घेऊन उभी राहिली.

"मामंजी, या खेपेला मी विकते."

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तिला फूस लावली होती. (लावली होतीच.)

"विकशील गं," ते म्हणाले, "पण भाव कोण सांगणार?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. पण हसून झाल्यावरही ती खाली बसली नाही, तशीच उभी राहिली. तेव्हा मामंजींनी अट घातली. हंगाम संपला की व्यापाऱ्यानं एका वर्षासाठी सांगितलेल्या आकड्याला तिची कमाई पोचली पाहिजे. पोचली तर तुकडा तिचा, ती लावील ते पीक आणि ती म्हणेल तशी विक्री. नाही पोचली तर तीन वर्षं व्यापाऱ्याला, आणि मग तोंड वाकडं करायचं नाही. व्यापारी म्हणाला, माझी हरकत नाही, मी थांबतो. इतका समजूतदारपणा जिंकायची खात्री असल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

शनिवारी माझ्या दुकानाला सुट्टी असते आणि आठवडी बाजारही शनिवारचाच. "धाकटे, तू नुसती माझ्या शेजारी उभी राहा," जाऊबाई मला म्हणाली.

"उभी राहून काय करू?"

"मी घसरायला लागले की पाय दे."

आता तिची कामाची पद्धत सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरायचं ते कळेल. देठाला चीर पडून फळ हातात आपोआप सुटल्याशिवाय ती तोडायची नाही. घरी आणलं की बाहेरच्या खोलीत तीन फळ्या, त्यावर पेंढा, पेंढ्यावर खरबुजं. रोज सकाळी प्रत्येक फळ उचलून बुडाशी नाक लावायची. वास भरून आला असेल तर वरची फळी, म्हणजे आज खायचं. जेमतेम येत असेल तर मधली, म्हणजे उद्याचं. नाक खुपसूनही येत नसेल तर खालची, परवाचं. फळं रोज कुशीवर वळवायची, खालची मध्ये, मधली वर. लहान मुलांना निजवावं तसं चालायचं सगळं. घरभर इतका घमघमाट की माझ्या उशीलासुद्धा खरबुजाचा वास. सासूबाईंची बसायची जागा गेली, पाहुण्यांना उभ्यानंच पाणी द्यावं लागायचं आणि सायकलदुरुस्तीच्या दुकानातून दमून आलेले आमचे हे दारातच विचारायचे, "आज मी कुठल्या फळीवर झोपू?"

बाजारात गिऱ्हाईक आलं की तिचा पहिला प्रश्न, "केव्हा खाणार?" संध्याकाळी म्हणालं तर आजचं द्यायची. पाहुणे परवा यायचेत म्हणालं तर परवाचं. आणि आजची संपली असली तर सरळ सांगायची, "आज घेऊ नका, गोडी नाही अजून. परवा या."

"ताई, दारात आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारी जगात तू एकटीच असशील," मी ओरडायची.

"अगं, पण बेचव खाल्लं असतं ना त्यांनी!"

आणि एवढं सगळं करून तिन्ही फळ्यांचा भाव एकच. तोही माझा पाय पोचेपर्यंत वीसवर आलेला. लोक येत, कौतुक करत, असं खरबूज जन्मात खाल्लं नाही म्हणत. पैशांचा डबा मात्र हलवला की खुळखुळायचा, आणि भरलेला डबा खुळखुळत नाही. दर शनिवारी संध्याकाळी मामंजी तो डबा उचलून बघायचे, परत ठेवायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. त्यांचं ते न बोलणं ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

मामंजींबद्दल एक सांगायला हवं. त्यांची सगळी नोकरी लाकडाच्या वखारीत झाली. फळ्या जाडीप्रमाणे, वासे लांबीप्रमाणे, ठोकळे वेगळे. निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. आमच्या घरातले डबे उंचीप्रमाणे, चपला मापाप्रमाणे, आणि फोटो काढताना माणसंसुद्धा तशीच. लहानमोठं एकत्र पडलेलं दिसलं की त्यांना चैन पडत नाही.

ऐन उन्हाळ्यातला शनिवार होता. हंगामातला सगळ्यांत मोठा बाजार तोच, आणि त्या दिवशीच्या विक्रीवरच सगळी भिस्त होती. फळ्या वाकतील इतका माल घरात होता. उजाडता उजाडता आम्ही दोघी राहिलेली फळं आणायला शेतावर गेलो. परत येतो तर हातगाडी दारात तयार, खोके भरलेले, दोरी आवळलेली आणि शेजारी कमरेवर हात ठेवून मामंजी.

"म्हटलं, तुम्हा पोरींची मदत करावी," ते म्हणाले. "तुमच्या फळ्यांवर नुसता गोंधळ होता. मोठ्याच्या मांडीला बारकं! मोठी या खोक्यात, मधली या खोक्यात, बारकी त्या तिकडच्या. आता बघा कशी दिसतात."

खरोखरच देखणी दिसत होती. आणि आजचं, उद्याचं, परवाचं, सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं.

माझ्या तोंडाशी आलेले शब्द मी इथे लिहीत नाही. पण जाऊबाईनं माझा दंड धरला आणि मामंजींना म्हणाली, "छान लावलीत हो, मामंजी." गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत गेलो तेव्हा तिनं गाडी थांबवली, दांड्यावर डोकं टेकलं आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. मग थोडी रडलीही.

"सांगितलं का नाहीस त्यांना?" मी म्हटलं. "सगळा बाजार बुडणार आज!"

"अगं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या खरबुजांच्या कामाला हात लावला," ती म्हणाली. "ढकल गाडी."

बाजारात पोचतो तोच गिऱ्हाइकं उभी. पहिली आली ती शिवणकाम करणारी बाई, आमची नेहमीची. "आजचं द्या," म्हणाली. जाऊबाईनं एक खोका उघडला, एक फळ उचललं, नाक लावलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं, खाली ठेवलं. तिसरं. मागे रांग वाढत होती. शिवणवाल्या बाईचा धीर सुटला.

"कसला वास घेता एवढा? बघू मला."

जाऊबाईनं तिला बुडाची बाजू दाखवली, इथे नाक लावा म्हणाली. बाईनं लावलं आणि तिचे डोळेच मिटले. ते पाहून मागच्या पोस्टमनला राहवलं नाही. त्यानं एक उचललं. त्याच्या मागच्यानं एक उचललं. बघता बघता आमच्या गाडीभोवती सगळी शहाणीसुरती माणसं खरबुजांना नाकं लावून उभी. "हे आजचं." "छट्, उद्याचं आहे." "अहो, सर्दी झालीय तुम्हाला, द्या इकडे." पलीकडचा कांदेवाला आपली गाडी सोडून बघायला आला. असा गमतीचा बाजार मी आयुष्यात पाहिला नव्हता, पण हसायची सोय नव्हती. कारण जो तो वास येणारंच उचलत होता. आजची दुपारपर्यंत संपली असती आणि उरलेला ढीग तसाच परत न्यावा लागला असता.

तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका पुढे आल्या. हातात एक खरबूज, नाकाला काही लागत नाही असा चेहरा. "बाई, हे परवाचं दिसतंय. म्हणजे हे मी घरी न्यायचं, जपून ठेवायचं, रोज वळवून बघायचं, आणि पैसे मात्र आजच्याइतकेच? हे काही मला पटत नाही."

जाऊबाई त्यांच्या हातातल्या फळाकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, आता ही फुकटच देऊन टाकते.

"म्हणजे थांबायचं काम तुम्ही करणार," ती हळूच म्हणाली.

"मग काय तर!"

"पण ते तर रोज मीच करते की." ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे विस्फारले होते. "धाकटे! इतके दिवस ते सगळं मी करत होते. वास मी घ्यायचा, कुशी मी वळवायच्या, आणि ते सगळं फुकट!"

मग तिनं गाडीच्या कडेला हात टेकले आणि आपला तो गल्ली उठवणारा आवाज काढला.

"चाळीस!"

मी पाय उचलला.

"तीस!"

मी नेम धरला.

"वीस!"

मी अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून पाय दिला.

"आई गं! अगं पाय काढ, मेले! आजचं चाळीस, उद्याचं तीस, परवाचं वीस! ज्याला जेवढी घाई तेवढे पैसे!"

मुख्याध्यापिकांनी हातातल्या परवाच्या खरबुजाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हां, आता कसं!" वीस मोजून त्या गेल्यासुद्धा, वर आणखी एक घेऊन. मग पोस्टमन पुढे आला. आजचं त्याच्या दोन्ही हातांत, छातीशी धरलेलं.

"चाळीस जरा जास्त होतात हो," तो म्हणाला.

अशा वेळी ती काय करते ते मला पाठ होतं. तिनं मधल्या खोक्यातून दुसरं एक उचललं, वास घेतला आणि अगदी प्रेमानं त्याच्यापुढे धरलं.

"मग उद्या खा. हे तीसला आहे."

पोस्टमननं त्याचा वास घेतला. मग छातीशी धरलेल्याचा घेतला. पुन्हा याचा, पुन्हा त्याचा. शेवटी चाळीस ठेवले आणि मागे न बघता गेला. जाऊबाईला आता खाली उतरायचं कारणच उरलं नव्हतं. कमी पैशांतलं हवं त्याच्यासाठी दुसरं खरबूज तयार होतं. तेच तीन आकडे, त्याच क्रमानं, ती इतके दिवस म्हणत आली होती. फक्त आता प्रत्येक आकड्याच्या बदल्यात वेगळं फळ होतं.

गिऱ्हाइकांनीच मालाची निवड करून टाकली. दुपारी मामंजी बाजारात डोकावले तेव्हा खोक्यांत मोठी, मधली, बारकी गुण्यागोविंदानं एकत्र नांदत होती. "हे कोणी विस्कटलं?" ते कळवळून म्हणाले. "आम्ही," रांगेतून चारपाच आवाज आले. मग एक फळ उचलून, कोणी बघत नाही असं वाटून, त्यांनी बुडाशी नाक लावलं. मी बघत होते.

त्या संध्याकाळी डबा हलवला तर आवाज झाला नाही. पुढचे शनिवारही तसेच गेले. जाऊबाई भाव ओरडताना चाल लावायची, अर्थात तीच एक. माझ्या पायाला काम उरलं नाही, म्हणून मी पैसे घ्यायला लागले आणि खरं सांगायचं तर मला त्यात फार मजा आली.

हंगाम संपला, वेल वाळले. त्या रविवारी चहानंतर मामंजींनी डबा टेबलावर ओतला आणि वखारीच्या शिस्तीनं नोटा मापाप्रमाणे लावून मोजायला बसले. आम्ही सगळे भोवती उभे. मोजून झालं. त्यांनी पुन्हा मोजलं.

"कमी आहे," ते म्हणाले. "थोडक्यात, पण कमी आहे."

सुरुवातीचे ते वीसवर घसरलेले शनिवार नडले होते. जाऊबाई हसायला गेली, पण तिला जमलं नाही. तीन वर्षं! तीन वर्षं पुन्हा हिरवी तोडलेली फळं बघायची, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. व्यापाऱ्याचा, शर्तीचा, मोजणाऱ्याचा, सगळ्यांचा मला एकदम राग आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या,

"आणि घरात खाल्ली ती कोणाच्या खात्यात?"

"घरात?" मामंजी म्हणाले.

"घरात. उक्तं द्यायचात तेव्हा त्याचा राखणदार बांधावर बसलेला असायचा. घरच्या माणसाला एक फोड मिळायची नाही. आपल्याच शेतातलं खरबूज तुम्ही बाजारातून पैसे देऊन आणायचात. ते विसरलात?"

"मी आपलं कधीतरी एखादं खाल्लं असेल यंदा."

"कधीतरी! रोज दुपारी झोपून उठलात की एक. आणि तेसुद्धा मी वरच्या फळीवरचं कापून आणलेलं."

मामंजींचे कान लाल झाले. ते आमच्या ह्यांच्याकडे बघायला लागले, पण ह्यांनी आधीच छताकडे बघायला सुरुवात केली होती. मामंजी उठले, आत गेले आणि पेन्शनचं पाकीट घेऊन परत आले. समोर बसले.

"भाव काय?" त्यांनी जाऊबाईला विचारलं.

"अहो मामंजी, तुमच्याकडून का मी पैसे..."

"मी भाव विचारला."

जाऊबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पाय मागे घेतला.

"चाळीस," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण पुढे तिनं ओठ घट्ट मिटले. मामंजी थांबले. आम्ही सगळेच थांबलो. तिच्या तोंडून दुसरा आकडा काही आला नाही.

मामंजींनी बोटांवर हिशेब केला, सासूबाईंनी तो दोनदा वाढवला, आणि नोटा टेबलावर आल्या. मग आमच्या ह्यांनी खिशात हात घातला. मग मी पर्स आणली, कारण मीही काही उपाशी राहिले नव्हते. मामंजींनी सगळं एकत्र करून पुन्हा मोजलं. व्यापाऱ्याचा आकडा आला, मागे पडला, आणि वर बऱ्याच नोटा उरल्या. पाकिटातून आणखी काही नोटा काढून त्यांनी त्या जाऊबाईच्या पुढ्यात वेगळ्या ठेवल्या.

"हे जास्त झाले, मामंजी," ती म्हणाली. "तुमचे सगळे आले मघाशीच."

"हे पुढच्या हंगामाचे. आगाऊ देतोय. मला रोज एक लागतं."

ते कळायला तिला थोडा वेळ लागला. मग ती जी रडायला लागली, ती अगदी मोठ्यानं, तोंड न लपवता. मीही रडले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. सासूबाई शेंगा सोलत राहिल्या, पण टरफलं भांड्यात आणि दाणे केरात टाकत होत्या. शेवटी जाऊबाईनं मनगटानं डोळे पुसले, त्या नोटा उचलल्या, मोजल्या आणि घडी करून मुठीत धरल्या.

"घेते," ती म्हणाली. "पण मामंजी, पुढच्या वर्षी भाव हाच राहील असं धरून चालू नका हं."